पगार, करार आणि अब्रू

आपल्या मंडळातली बरीच मुले सध्या कॉलेजच्या उंबरठ्यावर आहेत. आमच्या पिढीपुढे निवड सोपी होती. इंजिनिअरिंग, मेडिकल, फार तर अकाउंटन्सी. ही मुले मात्र ॲनिमेशन, नाटक, चित्रपट, जाहिरात, गेम डिझाइन अशी नावे घेतात. मग आपल्या घरांत दोन प्रश्न विचारले जातात. पहिला सर्वांसमोर: यात पोट भरेल का? दुसरा हळू आवाजात, आणि बहुधा मुलीच्या बाबतीतच: ती लाइन चांगली आहे का?

हे दोन प्रश्न आपण वेगळे समजतो. पहिला पैशांचा, दुसरा चारित्र्याचा. मराठी रंगभूमी आणि चित्रपट यांचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास वाचताना मला वाटू लागले की हा एकच प्रश्न आहे. जिची उद्याची रोजी दुसऱ्या कुणाच्या मर्जीवर अवलंबून असते, तिला 'नाही' म्हणणे महाग पडते. ते किती महाग पडेल यावरच तिची सुरक्षितता ठरते. लाइन चांगली की वाईट हा मुद्दा त्यानंतरचा.

मी इतिहासकार नाही. व्यवसाय सॉफ्टवेअरचा, डॉक्टरेट धातूंच्या थकव्यावरची. पूल किंवा विमानाचा पंख तुटला, तर 'लोखंडच वाईट होते' असे म्हणून आमच्या क्षेत्रात कुणी फाइल बंद करत नाही. भार कुठून आला, कुठल्या सांध्यावर पडला आणि किती वेळा पडला, हे पाहावे लागते. त्याच सवयीने हा इतिहास वाचला.

सुरुवात दादासाहेब फाळक्यांपासून करू. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'साठी त्यांना तारामती हवी होती. भल्या घरची स्त्री मिळेना. वेश्यावस्तीतही विचारून पाहिले, तिथेही नकार आला. शेवटी हॉटेलात काम करणाऱ्या साळुंके नावाच्या तरुणाने तारामती साकारली. ही कथा आपण कौतुकाने सांगतो. त्याच वर्षीच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये मात्र दोन स्त्रिया पडद्यावर आल्या. पार्वतीच्या भूमिकेत दुर्गाबाई कामत आणि मोहिनीच्या भूमिकेत त्यांची मुलगी कमलाबाई, म्हणजे पुढच्या कमलाबाई गोखले, विक्रम गोखल्यांच्या आजी. 'पहिली अभिनेत्री' म्हणून दुर्गाबाईंचे नाव घेतले जाते. त्या नाटकात का गेल्या, हे फारसे कुणी विचारत नाही. नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या, पदरात मूल असलेल्या स्त्रीला त्या काळी कमाईचे मार्ग बोटांवर मोजण्याइतकेच होते. नाटक कंपनीचे फिरते आयुष्य हा त्यांतला एक. कलेची ओढ असेलही, पण दुसरे दार बंद होते हेही खरे. ज्याला दुसरे दार नाही, त्याच्याशी घासाघीस करणे मालकाला सोपे जाते.

मराठी संगीत नाटकात त्याआधीची तीसेक वर्षे स्त्रियांच्या भूमिका प्रामुख्याने पुरुषच करत होते. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' आले. भाऊराव कोल्हटकर, मग बालगंधर्व, यांनी स्त्रीभूमिकेला राजवैभव दिले. बालगंधर्वांच्या साड्या, अत्तरे आणि चालणे पाहून घरंदाज बायका नटू लागल्या, पण त्याच रंगमंचावर प्रत्यक्ष स्त्रीने पाऊल टाकणे अब्रूला सोडून समजले जाई. १९३३ साली 'नाट्यमन्वंतर'च्या 'आंधळ्यांची शाळा'मध्ये ज्योत्स्ना भोळे आणि पद्माबाई वर्तक यांनी भूमिका केल्या, तेव्हा सुशिक्षित घरातल्या स्त्रिया रंगमंचावर आल्याचा गाजावाजा झाला. तो योग्यच होता.

चित्रपटात हे काम दुर्गा खोट्यांनी केले. सॉलिसिटरांची मुलगी, सेंट झेवियर्समधले शिक्षण, सासरचे मोठे नाव. घरची आर्थिक स्थिती कोसळली म्हणून १९३१ साली 'फरेबी जाल'मध्ये त्यांनी छोटे काम घेतले आणि बोलणी खाल्ली. पुढच्याच वर्षी 'प्रभात'च्या 'अयोध्येचा राजा'ने त्यांना तारामती म्हणून घराघरांत पोचवले. एकाच स्टुडिओच्या पगारी नोकरीत अडकून न राहता वेगवेगळ्या कंपन्यांत काम करणाऱ्या त्या पहिल्या बड्या अभिनेत्रींपैकी एक. 'मी, दुर्गा खोटे' हे त्यांचे आत्मचरित्र अनेकांच्या संग्रही असेल.

इथे थोडे थांबायला हवे. 'चांगल्या घरच्या मुली आल्या आणि क्षेत्र सुधारले' हे आपले आवडते वाक्य. दुर्गाबाईंना मान मिळाला तो त्यांच्या गुणांमुळे, आणि काही अंशी त्यांच्या घराण्यामुळे, शिक्षणामुळे, इंग्रजीमुळे. या गोष्टींनी त्यांना संरक्षण दिले. पण हे संरक्षण त्यांचे स्वतःचे होते, पेशाचे नव्हते. त्याच सेटवरच्या समूहनृत्यातल्या मुलीला त्यातले काही मिळाले नाही. घराणे ही ज्याची त्याची छत्री असते. पाऊस थांबवायचा तर दुसरेच काही लागते.

ते दुसरे काय, हे सांगणारी पहिली घटना पुण्यात घडली, जुलै १९३९ मध्ये. 'प्रभात फिल्म कंपनी' त्या वेळी वैभवाच्या शिखरावर होती. कोल्हापुरात १९२९ साली स्थापन झालेली ही कंपनी १९३३ मध्ये पुण्याला आली. कलाकार तिथे मासिक पगारावर असत, आणि तिची शिस्त प्रसिद्ध होती. शांता आपटे या तिच्या सर्वांत लोकप्रिय नायिकांपैकी एक. १९३७ च्या 'कुंकू'मध्ये त्यांनी नीरा केली, म्हाताऱ्या विधुराशी फसवून लग्न लावून दिल्यावर ते लग्न मनाने नाकारणारी मुलगी. ना. ह. आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरचा हा चित्रपट 'दुनिया ना माने' या नावाने हिंदीतही गाजला.

दोन वर्षांनी करारावरून वाद झाला आणि पडद्यावरची नीरा प्रत्यक्षात 'प्रभात'च्या फाटकावर उपोषणाला बसली. वर्तमानपत्रांना खमंग विषय मिळाला. बाई पॅन्ट घालून बसली आहे, याचीच चर्चा अधिक. उपोषण लवकरच सुटले, शांताबाई 'प्रभात'मधून बाहेर पडल्या आणि पुढे जिथे काम मिळेल तिथे काम करत राहिल्या. १९४१ मध्ये तमिळ 'सावित्री', ज्यात एम. एस. सुब्बुलक्ष्मी नारद होत्या, आणि १९४२ मध्ये लाहोरला 'जमीनदार'. या घटनेकडे एका मानी नटीचा तऱ्हेवाईकपणा म्हणून पाहण्याची रीत होती. मला ती भारतीय चित्रपटातल्या कामगार चळवळीच्या आरंभीच्या घटनांपैकी एक वाटते. वर्षांमागून वर्षे गर्दी खेचणारी नायिकाही कंपनीच्या हिशेबात एक नोकरच आहे, आणि तिला आपले म्हणणे मांडायला फाटकाबाहेरची जागा सोडून दुसरी जागा नाही, हे त्या दिवशी उघड झाले.

शांताबाई तिथेच थांबल्या नाहीत. १९४० मध्ये 'जाऊ मी सिनेमांत?' नावाचे छोटे पुस्तक त्यांनी प्रसिद्ध केले. नाव वाचून ते सिनेमात जाऊ इच्छिणाऱ्या मुलींना चारित्र्याचा उपदेश करणारे वाटेल. प्रत्यक्षात त्यात काम, मालक, करार आणि शरीराला येणारा थकवा यांचा विचार आहे. धातूच्या थकव्यावर चार वर्षे घालवलेल्या माझ्यासारखीला हे वाचून नवल वाटले. धातू एका मोठ्या घावाने क्वचित तुटतो. लहानसा भार हजारो वेळा पडतो, आत बारीक भेग पडते, आणि एक दिवस नेहमीच्याच भाराने तुकडा पडतो. मग लोक म्हणतात, आज तर विशेष काहीच झाले नव्हते.

शांताबाईंकडे निदान भांडायला करार होता. हंसा वाडकरांची कथा याहून अवघड आहे. 'सांगत्ये ऐका' हे त्यांचे आत्मकथन आधी 'माणूस'मधून आणि १९७० साली पुस्तकरूपाने आले. अरुण साधूंनी त्याचे शब्दांकन केले. त्यावरूनच श्याम बेनेगलांनी १९७७ मध्ये 'भूमिका' काढला आणि स्मिता पाटीलला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. हंसाबाई मूळच्या रतन साळगावकर. घर चालवायला वयाच्या दहाव्या-अकराव्या वर्षी त्या चित्रपटांकडे वळल्या. 'विजयाची लग्ने' हा त्यांचा पहिला चित्रपट १९३६ चा. सिनेमामुळे घराण्याला कमीपणा नको म्हणून आडनाव बदलले. म्हणजे तिचा पैसा घराला चालत होता, नाव चालत नव्हते. पुढे 'संत सखू', 'रामशास्त्री', 'लोकशाहीर राम जोशी' असे एकाहून एक चित्रपट झाले. लग्नानंतर हे सगळे सोडून संसार करावा असे त्यांना वाटत होते, पण कमाई थांबणे घरातल्यांना परवडणारे नव्हते. संशय घेणारा नवरा आणि तिच्या कमाईवर अवलंबून असलेला नवरा हा एकच माणूस होता.

हे पुस्तक आले तेव्हा त्यातल्या धक्कादायक प्रसंगांची चर्चा झाली. मला त्यातले अर्थशास्त्र महत्त्वाचे वाटते. काम तिचे, शरीर तिचे, चेहरा तिचा. काम ठरवणारे, पैसे घेणारे आणि तिने कुठे राहायचे हे सांगणारे दुसरेच. सेटवर कुणी त्रास दिला तर तिने जायचे कुणाकडे? घरी सांगितले तर काम बंद किंवा तिच्यावरच संशय, कंपनीत सांगितले तर पुढचे काम नाही. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही म्हणतो की सगळ्या तारा एकाच खांबावरून नेऊ नयेत. इथे तिच्या आयुष्याच्या सगळ्या तारा एकाच खांबावर होत्या, आणि तो खांब तिच्या मालकीचा नव्हता.

शहरातल्या स्टुडिओपासून दूर, तमाशाच्या फडात ही गाठ आणखी पक्की बसली होती. दसऱ्याच्या सुमारास हंगाम सुरू होतो आणि गावोगावच्या यात्रा संपल्या की थांबतो. नारायणगावला गावांचे पुढारी येऊन सुपाऱ्या ठरवतात. हंगामाआधी कलावंतांना फडमालकाकडून 'उचल' मिळते आणि ती पुढे कामातून फेडायची. उचल घेतलेल्या बाईला फड मध्येच सोडता येत नाही. पुढारी उद्धट असो, प्रेक्षक अंगचटीला येवोत, ती कर्जात आहे. फडमालकही कर्जात असतो. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर प्रयोग चालू असताना बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही कथा आपण त्यांच्या कलानिष्ठेची म्हणून सांगतो. ती कलानिष्ठा होतीच. पण नऊ महिने भरलेल्या बाईला त्या रात्री नाचावे का लागले, हा प्रश्न आपण गिळून टाकतो. सुट्टी नावाची गोष्ट त्या पेशात नव्हती. राष्ट्रपतींकडून दोनदा, १९५७ आणि १९९० मध्ये, गौरव झालेल्या विठाबाई २००२ साली गेल्या, त्या हलाखीतच. आज त्यांच्या नावाने राज्य सरकार जीवनगौरव पुरस्कार देते.

आता सिंगापूरकडे येऊ, कारण हा इतिहास आपल्या दाराशीही घडला आहे. बॅलेस्टियर रोडला बिस्किटे घ्यायला आपण जातो, तिथूनच जालान अम्पास नावाची छोटी गल्ली निघते. युद्धानंतर १९४७ पासून १९६७ पर्यंत तिथे शॉ बंधूंच्या मलय फिल्म प्रॉडक्शन्सचा स्टुडिओ होता. मलय चित्रपटांचे हे माहेरघर बरेचसे भारतीय दिग्दर्शकांनी उभे केले. बी. एस. राजहंस, एल. कृष्णन, आणि कलकत्त्याच्या न्यू थिएटर्समध्ये 'स्ट्रीट सिंगर' करून आलेले फणी मजुमदार, ज्यांनी १९५६ मध्ये पी. रामलींना घेऊन 'हांग तुआ' काढला. चित्रपटांबरोबर आपल्याकडची स्टुडिओची रीतही आली. कलाकार मासिक पगारावर, आणि सगळी सत्ता फाटकाच्या आत.

इथल्या कलाकारांनी मात्र 'प्रभात'च्या फाटकावरचा धडा, तो ठाऊक नसतानाही, एक पाऊल पुढे नेला. १९५४ मध्ये त्यांनी 'पर्सामा' ही संघटना काढली, अध्यक्ष स्वतः पी. रामली. मार्च १९५७ मध्ये पगारवाढीची मागणी चालू असताना पाच जणांना कामावरून काढले गेले, तेव्हा बाकीचे संपावर गेले. त्या पाचांत एक अभिनेत्रीही होती. काही आठवड्यांनी तडजोड झाली. शांताबाई फाटकावर एकट्या बसल्या होत्या. जालान अम्पासच्या फाटकावर सबंध स्टुडिओ उभा राहिला आणि त्यात सर्वांत मोठा नटही होता. फरक पडला तो इथे.

कायद्याची चाल याहून सावकाश. भारतात १९९७ च्या 'विशाखा' निकालाने कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाला प्रथम नाव दिले. त्याच्या मुळाशी होत्या राजस्थानातल्या भंवरीदेवी, सरकारी कार्यक्रमात मानधनावर राबणाऱ्या 'साथिन'. बालविवाह थांबवण्याच्या कामामुळे १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक अत्याचार झाला. त्यांचे ऑफिस म्हणजे गाव, आणि नोकरी म्हणावी तर ती पक्कीही नव्हती. २०१३ च्या कायद्याने म्हणूनच कंत्राटी, रोजंदारी, शिकाऊ अशा सर्वांना कर्मचारी मानले. दहा किंवा अधिक माणसे असतील तिथे अंतर्गत समिती बंधनकारक केली आणि त्याहून लहान जागांसाठी जिल्ह्याची समिती ठेवली. तक्रारीची मुदत तीन महिने, कारण असेल तर आणखी तीन.

कागदावर हे उत्तम आहे. पण चित्रपटाचे युनिट दीड-दोन महिन्यांत गोळा होते आणि पांगते. तक्रार करायची तोवर ऑफिसच विरघळलेले असते. केरळ सरकारने २०१७ मध्ये नेमलेल्या न्यायमूर्ती हेमा समितीने मल्याळम चित्रसृष्टीचा अभ्यास करून डिसेंबर २०१९ मध्ये अहवाल दिला, तो काही भाग गाळून ऑगस्ट २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात छळाच्या कहाण्यांच्या शेजारीच लेखी कराराचा अभाव, सेटवर स्वच्छतागृह आणि कपडे बदलायला जागा नसणे, बोलणाऱ्यांना काम न मिळणे, हे सगळे नोंदले आहे. 'ॲडजस्ट' आणि 'कॉम्प्रमाइज' हे शब्दही त्यात आहेत, ते मुंबईतही चालतात. मार्च २०२२ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने चित्रपटाच्या युनिटलाही अंतर्गत समिती हवी असे ठरवले.

माझी भाची मुंबईत एका मालिकेवर वेशभूषा साहाय्यक होती. कोणाची मालिका ते सांगत नाही. पैसे नव्वद दिवसांनी, तेही आठवण करून दिल्यावर. रात्री दोनला पॅकअप झाले की गाडी मिळेलच असे नाही, मग प्रॉडक्शनमधला कुणीतरी 'सोडतो' म्हणे. तो 'कुणीतरी' रोज सभ्यच असेल ही तिची प्रार्थना. तिच्या आईने तिला सांगितले, रात्रीचे काम घेऊ नकोस. नव्वद दिवसांचे पैसे अडकलेल्या मुलीला कुठले काम घेऊ नये हे ठरवता येते का?

सिंगापूरचे काय? २०१४ मध्ये छळविरोधी कायदा आला, त्याखाली न्यायालयाकडून संरक्षणाचा आदेश मिळवता येतो. २०१५ मध्ये कामाच्या ठिकाणच्या छळाबद्दल मार्गदर्शक सूचना आल्या. 'अवेअर' आणि 'इप्सॉस' यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत मागच्या पाच वर्षांत कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ झाल्याचे पाचांपैकी दोघांनी सांगितले. जानेवारी २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेला न्याय्य कार्यस्थळ कायदा कंपन्यांना तक्रार-निवारणाची पद्धत ठेवायला सांगतो, पण त्याचे छत्र नोकरदारांवर आहे. नाटक, चित्रीकरण, डिझाइन यांतली कितीतरी मुले फ्रीलान्स असतात. त्यांच्यासाठी २०१८ चा त्रिपक्षीय मानक आहे, ज्यात कामाचे स्वरूप, मानधन आणि ते देण्याची तारीख लेखी असावी असे म्हटले आहे. तो स्वीकारणे कंपनीच्या इच्छेवर आहे. पैसे बुडाले तर वीस हजार डॉलरपर्यंत लघुवाद न्यायाधिकरणाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते. हे आपल्या मुलांना माहीत असते का, घरी विचारून पाहा.

तेव्हा मंडळी, मुलीने किंवा मुलाने उद्या ही वाट धरली तर 'ती लाइन चांगली नाही' म्हणून विषय संपवू नये. मुलगे या त्रासातून सुटतात असेही समजू नये. आपण नोकरीचे पत्र दहादा वाचणारी माणसे आहोत, ती सवय इथे उपयोगी पडेल. करार लेखी आहे का? पैसे कोण देणार आणि कधी? रात्री उशिरा सोडण्याची जबाबदारी कोणाची? तक्रार कुणाकडे करायची, आणि तो माणूस काम देणाराच तर नाही ना? या पेशातली संघटना कुठली? आणि सर्वांत महत्त्वाचे, सहा महिने काम नाकारावे लागले तर घरचा आधार आहे, हे तिला स्पष्ट शब्दांत सांगितले आहे का?

हा शेवटचा प्रश्न आपल्याला विचारलेला आहे. दुर्गाबाई कामत, हंसाबाई आणि विठाबाई यांच्यापाशी तो आधार नव्हता. आपल्यापैकी बहुतेकांपाशी तो देण्याची ऐपत आहे. ज्यांच्या घरी ती नाही, त्या मुलींसाठी करार, संघटना आणि कायदा लागतो, आणि त्याचा आग्रह धरणे हेही आपलेच काम आहे. नाटकाचे तिकीट काढताना आणि मंडळाच्या कार्यक्रमासाठी भारतातून कलाकार बोलावतानासुद्धा. त्यांचे मानधन, प्रवास आणि राहण्याची सोय आपण आधी लेखी कळवतो का, हा प्रश्न मंडळाच्या पुढच्या सभेत ठेवावा, अशी माझी सूचना आहे.